पाच मुक्काम, एकच जिल्हा: आयर्लंडमधलं स्लायगो

सरमिसळ (शनिवार, सकाळी)

मुलगा डब्लिनला नोकरीला लागल्यापासून "या ना, या ना" चाललं होतं. शेवटी यंदा मे महिन्याच्या अखेरीस मी, बायको आणि माझी आई (वय ७६, गुडघे कुरकुरे, जीभ मात्र तरुण) असे तिघं जाऊन थडकलो. चिरंजीवांनी कार्यक्रम आखूनच ठेवला होता. पहाटे बस पकडायची, चार तास बसायचं, मोहेरचे कडे बघायचे, फोटो, परत चार तास. दुसऱ्या दिवशी तसंच उत्तरेला. आईने कागद चष्म्याजवळ नेऊन नीट वाचला आणि विचारलं, "हे फिरणं आहे की एसटीची ड्यूटी?" कार्यक्रम तिथेच बारगळला.

मग ठरलं की एकच जिल्हा धरायचा, एकच बिऱ्हाड आणि पाच रात्री पाय पसरून राहायचं. मुलाच्या ऑफिसातल्या एकाने स्लायगो सुचवलं. आयर्लंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या काठावर. गावाच्या आयरिश नावाचा अर्थ शिंपल्यांची जागा. इथे आयर्लंडवरचे बहुतेक धागे डब्लिन, मोहेर, जायंट्स कॉजवे एवढ्यातच फिरतात, म्हणून हा टाकतोय.

डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून स्लायगोला थेट रेल्वे आहे, तीन तासांच्या थोडं वर लागतात. आम्ही गाडी भाड्याने घेतली कारण आईला बसथांब्यांपर्यंत चालवणं शक्य नव्हतं. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर काहीच वाटत नाही. घाम फुटतो तो 'बोरीन'मध्ये. म्हणजे आपली पाणंदच, फक्त डांबर टाकलेली. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणझाडी, मधोमध गवताची रेघ, आणि वळणावर समोरून ट्रॅक्टर. कुणीतरी एकाने मागे जायचं. मग जाताना दुसरा स्टीअरिंगवरून एक बोट उचलतो. तो झाला नमस्कार. दुसऱ्या दिवसापासून मीही बोट उचलायला लागलो. आई मागून सगळ्यांना हात जोडत होती.

पहिला दिवस कॅरोमोरला. ही दफनभूमी आहे, साडेपाच हजार वर्षांपेक्षाही जुनी. म्हणजे हडप्पाची शहरं वसण्याच्या हजारेक वर्षं आधी इथे शेती करणाऱ्या लोकांनी धोंडे उभे करून, त्यांवर छत्रीसारखी शिळा ठेवून आपल्या माणसांच्या अस्थी आत ठेवल्या. आज तिथे तीसेक थडगी उरलीत. गायी चरताहेत, मध्येच एखादं दगडी रिंगण, पलीकडे कुणाच्या तरी घराचं अंगण. एकोणिसाव्या शतकात बरीचशी खडीसाठी फोडली गेली, काही जमीनदारांनी खजिना शोधायला उकरली. आणि १९८०च्या दशकात काउंटी कौन्सिलने (आपली जिल्हा परिषदच) अगदी शेजारी कचरा डेपो करायचा घाट घातला होता! गावातले लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि तो थांबवला. गाइड बाईंनी हे अशा काही रंगून सांगितलं की थडग्यांपेक्षा मला तो खटलाच जास्त आवडला.

मधल्या मोठ्या थडग्याशी उभं राहिलं की पश्चिमेला नॉकनारे डोंगर दिसतो आणि त्याच्या माथ्यावर एक टेंगूळ. ते टेंगूळ म्हणजे राणी मेव्हची समाधी. डोंगर ३२७ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात टेकडीच. पण समुद्रसपाटीपासून चढायचं असतं आणि वारा अंगावर येतो. मी आणि मुलगा पाऊण तासात वर. वर दगडांची रास, सुमारे ५५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच. आजवर कुणी उकरलेली नाही. मेव्ह ही दंतकथेतली, पश्चिमेकडच्या कॉनाख्ट प्रांताची राणी. नवऱ्याशी संपत्तीची बरोबरी करताना त्याच्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा वळू जास्त निघाला, म्हणून ही बया तशाच तोडीचा वळू पळवायला उत्तरेच्या अल्स्टर प्रांतावर सैन्य घेऊन गेली. आपल्या विराटपर्वातलं गोहरण आठवतं ना, तसंच. लोक सांगतात, तिला चिलखतासकट उभीच पुरलीय, तोंड शत्रूकडे. आता रास तिच्या गोष्टीपेक्षा तीनेक हजार वर्षांनी जुनी आहे हे पुरातत्त्ववाले सांगतात, पण वर उभं राहून वाऱ्यात कान लाल झाल्यावर त्यांचं कोण ऐकतो. राशीवर चढू नका, पाटी लावलेली आहे. तरी चढणारे होतेच. (आपलेच होते. अमराठी होते एवढंच समाधान.)

उत्तरेला बेन बुल्बिन. ५२६ मीटर, माथा सपाट, कडा सुरीने कापल्यासारखा. मी नाशिकचा, मला पहिल्याच नजरेत अंजनेरीच आठवला. पण सह्याद्री लाव्ह्याचा आणि हा चुनखडीचा. खाली शेल (चिखलाचा झालेला ठिसूळ खडक), वर चुनखडी, तिसेक कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. बर्फयुगात हिमनद्यांनी तासून काढला. पायथ्याच्या जंगलातून साडेपाच किलोमीटरची गोल वाट आहे, आईसकट सगळ्यांनी तिचा निम्मा भाग केला. ढग दर दहा मिनिटांनी माथा झाकायचे, उघडायचे.

त्याच डोंगराखाली ड्रमक्लिफचं चर्च आणि आवारात कवी यीट्सची कबर. साधा चुनखडीचा दगड, त्यावर त्याच्याच कवितेच्या शेवटच्या तीन ओळी. आयुष्याकडे आणि मरणाकडे थंड नजरेने बघ आणि घोडेस्वारा, पुढे जा, अशा अर्थाच्या. बस भरून लोक येतात, दगडाचा फोटो काढतात आणि खरोखरच पुढे जातात. तिथेच एक हजार वर्षांपूर्वीचा कोरीव क्रूस आणि गोल मनोऱ्याचा बुंधा आहे, तिकडे कुणी फिरकत नाही.

या ड्रमक्लिफची आणखी एक कथा ऐकाच. सहाव्या शतकात कोलमकिल नावाच्या संताने दुसऱ्या एका संताची पोथी रात्री जागून उतरवून काढली. मूळ मालक म्हणाला नक्कल माझी. भांडण राजाकडे गेलं. राजाने निवाडा दिला, गाईचं वासरू गाईचं, तशी पोथीची नक्कल पोथीची. कोलमकिलला पटलं नाही, आणि त्यावरून ५६१च्या सुमारास याच भागात लढाई झाली म्हणतात. कॉपीराइटवरून रक्तपात! अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्सवाल्यांना सांगायला हवं.

तिसरा दिवस आईचा. टोबरनॉल्ट नावाची पवित्र विहीर, लॉक गिल सरोवराजवळ. विहीर म्हणजे झराच, बांधून घेतलेला. कॅथलिकांवर बंदी होती त्या काळात इथल्या एका शिळेवर लपून 'मास', म्हणजे त्यांची सामूहिक उपासना, व्हायची. जुलैच्या शेवटच्या रविवारी जत्रा भरते. आणि भोवतीच्या झाडांना चिंध्या! रंगीत फिती, रुमाल, जपमाळा, एका लहान बाळाचा मोजा. आई दोन मिनिटं गप्प उभी राहिली. मग पर्समधून सुती रुमाल काढला, कडेची पट्टी दाताने फाडली आणि बांधली. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "नवस सांगायचा नसतो, एवढं कळत नाही?"

चौथ्या दिवशी आमची फजिती झाली. स्लायगोच्या खाडीत कोनी आयलंड आहे. ओहोटीला वाळूवरून गाडी घेऊन जाता येतं, वाट दाखवायला चौदा दगडी खांब रोवलेत. मुलाने भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला, तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तो तास तक्त्यात आधीच धरलेला होता, याने हुशारीने आणखी एक मिळवला. आम्ही बेटावर निवांत थालीपिठं खात बसलो. परत येऊन पाहतो तर खांब कमरेपर्यंत पाण्यात. पुढचे सहा तास बेटावर. तिथल्या एका आजोबांनी आम्हाला बघून काहीही न विचारता घड्याळाकडे बोट दाखवलं आणि आठ बोटं वर केली. रात्री साडेआठला निघालो तेव्हा लख्ख उजेड होता. मे अखेरीस सूर्य दहाच्या आसपास मावळतो, म्हणून अब्रू वाचली.

पाचव्या दिवशी ग्लेनकारचा धबधबा पाहिला. स्लायगोतला सगळ्यात देखणा. पाऊसही तसाच देखणा पडत होता, दिवसभर.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

भटकभवानी (शनिवार, दुपारी)

वाखुसा (वाचनखूण साठवली)! आजी एक नंबर. सप्टेंबरात दोघी मैत्रिणी जायचं म्हणतोय. शाकाहाराचं काय? आणि गाडी न चालवता जमेल का?

शंकासुर (शनिवार, दुपारी)

लेख छान. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लाखो रुपये खर्चून आयर्लंडला गेलात आणि पाच दिवस दगड, थडगी नि विहीर? मोहेर राहिलं, कॉजवे राहिला. परत जाणं थोडंच होणार आहे.

सरमिसळ (शनिवार, संध्याकाळी)

@शंकासुर, राग कसला, मुलानेही हेच ऐकवलं. पण मी पूर्वी युरोपची एक बारा दिवसांची सहल केलीय. त्यातलं आज मला काय आठवतं? बसच्या सीटचा रंग. स्लायगोचं म्हणाल तर आम्ही उतरलो होतो त्या घरमालकीणबाईंच्या कुत्र्याला कुठल्या बाजूने खाजवलेलं आवडतं तेसुद्धा आठवतं.

@भटकभवानी, नाश्त्याला 'फुल आयरिश' आणतात तेव्हा आधीच शाकाहारी सांगा. त्यातल्या काळ्या चकत्या म्हणजे डुकराचं रक्त घातलेलं पुडिंग, आमच्या ही ने चॉकलेट समजून काटा उचललाच होता. सूपमध्ये मांसाचा अर्क आहे का तेही विचारा. सोडा ब्रेड मात्र खाच. यीस्ट नसतं, ताक आणि खाण्याचा सोडा. आईला ताक म्हटल्यावर लगेच पटला, रेसिपी लिहून घेतली. चहा कडक आणि दुधाचा मिळतो, त्या बाबतीत ते आपलेच.

गाडीशिवाय स्लायगो शहर, स्ट्रँडहिल आणि ड्रमक्लिफ बसने होतं. कॅरोमोरला टॅक्सी. स्ट्रँडहिलला लाटा बघा, सर्फिंगवाल्यांची चैन असते, पण पोहायला उतरू नका. प्रवाह वाईट आहेत.

खवचट_कोकणी (शनिवार, रात्री)

सहा तास बेटावर! नाशिककरांना समुद्र दाखवला की असंच होणार. अहो, तक्ता कशाला, तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. भरती रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

सरमिसळ (शनिवार, रात्री)

मान्य. पंचांग आईच्या पिशवीत होतं, आणि ती थालीपिठं वाढत होती.

कॉर्ककर (रविवार, सकाळी)

बारा वर्षं आयर्लंडमध्ये आहे, म्हणून थोडी भर आणि एक दुरुस्ती. ग्लेनकार धबधबा स्लायगोत नाही हो, लीट्रिम काउंटीत आहे! ग्लेनकारचं सरोवर मात्र दोन्ही काउंट्यांत वाटलं गेलंय. लीट्रिमवाल्यांसमोर असं बोललात तर चहा मिळणार नाही. त्यांच्याकडे समुद्रकिनारा जेमतेम चार किलोमीटर, त्यात धबधबाही पळवला तर काय उरलं.

व्हिसा: आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, नाही. शेंगेन व्हिसा काढून इथे उतरता येत नाही, दर वर्षी कुणीतरी ही चूक करतं. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची संयुक्त योजना आहे. व्हिसावर तसा शेरा असेल तर दोन्हीकडे फिरता येतं. स्लायगोला जाणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं, कारण उत्तर आयर्लंडची हद्द तिथून अर्ध्या तासावर आहे. रस्त्यावर चौकी नाही, कमान नाही. वेगाच्या पाट्या किलोमीटरच्या मैल झाल्या की समजायचं आपण ब्रिटनमध्ये आलो. शेरा नसेल तर गूगलबाईने जवळचा रस्ता दाखवला तरी वळू नका. नियम बदलत असतात, अर्ज करताना सरकारी संकेतस्थळ वाचा.

ज्यांना गर्दी नकोच त्यांनी कॅरोमोर झाल्यावर दक्षिणेला कॅरोकीलला जावं. ब्रिकलीव्ह डोंगरावर तशीच थडगी, पण तिकीट नाही, गाइड नाही, शेवटचा पल्ला चालत. एका थडग्याच्या दारावर वेगळी खिडकी ठेवलीय, उन्हाळ्यात दिवस सर्वांत मोठा असतो त्या सुमारास मावळतीचा प्रकाश तिच्यातून आत येतो. १९११ साली तिथे उत्खनन झालं, आणि ते इतक्या घाईत उरकलं की आजचे अभ्यासक अजून हळहळतात. स्लायगोचा हा सगळा थडग्यांचा प्रदेश सध्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. आपले बारा किल्ले २०२५ला पक्क्या यादीत गेले, यांचा नंबर लागायचाय. शक्यतो त्याआधी जाऊन या.

सरमिसळ (रविवार, सकाळी)

लीट्रिमची जाहीर माफी. मूळ लेखात आता बदल करता येत नाही, राहू दे माझी लाज तशीच.

शब्दवेडी (रविवार, दुपारी)

अवांतर: ते 'बोरीन' म्हणजे मूळ आयरिश शब्दात 'बो' म्हणजे गाय. त्यापासून रस्त्याला 'बोहर', आणि लहान रस्ता तो 'बोहरीन'. आणि हा 'बो' संस्कृत 'गो'चा सख्खा चुलतभाऊ आहे, दोन्ही एकाच आदिम मुळातून आलेत. 'री' म्हणजे राजा, 'ओख्त' म्हणजे आठ, 'देख' म्हणजे दहा. मेव्हबाई वळूसाठी लढल्या यात नवल ते काय, गोधन हेच धन. पाणंद हा शब्द वाचून बरं वाटलं, हल्ली कुणी वापरत नाही.

वऱ्हाडी_ठेचा (रविवार, रात्री)

काय राजेहो! यीट्सच्या थडग्यापाशी जाऊन आले अन् आमच्या बडनेऱ्याचं नाव नाही घेतलं? असं कसं चालन भाऊ.

आता शुद्ध लिहितो. यीट्स आणि भारत म्हटलं की सगळे टागोर सांगतात. १९१२ला गीतांजलीची प्रस्तावना त्याने लिहिली, खरंच आहे. पण म्हातारपणी त्याच्यासोबत बसून उपनिषदं इंग्रजीत आणली ती एका वऱ्हाडी माणसाने. श्री पुरोहित स्वामी. १८८२चा जन्म, बडनेऱ्याचा, घर मराठी. १९३१ला लंडनमध्ये यीट्सची गाठ पडली. पुढच्या वर्षी स्वामींचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, प्रस्तावना यीट्सची. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी कैलास-मानसच्या यात्रेचं वर्णन मराठीत लिहिलं होतं. ते स्वामींनी इंग्रजीत नेलं, १९३४ला छापलं, आणि त्यालाही प्रस्तावना यीट्सचीच! म्हणजे नोबेल मिळालेला आयरिश कवी एका मराठी प्रवासवर्णनाला प्रस्तावना लिहितो. त्याच सुमारास त्याने 'मेरू' नावाची कविताही लिहिली. १९३५-३६च्या हिवाळ्यात दोघं स्पेनच्या मायोर्का बेटावर राहिले आणि दहा उपनिषदांचं भाषांतर पुरं करत आणलं. यीट्स सत्तरीचा, तब्येत नरम. स्वामी १९३६ला परत आले, पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. स्वामी १९४१ला गेले. अमरावती जिल्ह्याबाहेर किती मराठी लोकांना हे नाव माहीत असेल, सांगा बरं.

आणि दगडांचं म्हणाल तर नागपूरहून काटोलच्या रस्त्याला जुनापाणी आहे. तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं. तुमच्या कॅरोमोरपेक्षा खूप अलीकडची, लोहयुगातली, पण माणूस गेल्यावर भोवती दगडांचं रिंगण करायचं हे तेच. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती उकरली. दगडांवर वाटीसारखे खळगे दिसले, ते त्याला थेट विलायतेतल्या दगडांवरच्या खळग्यांसारखे वाटले, त्यावर त्याने लेखही लिहिले. नागपूरचे लोक तिकडे सहलीला जातात, रिंगणात बसून डबा खातात आणि परत येतात. पाटी वाचायला आहे कोण.

सरमिसळ (सोमवार, सकाळी)

@वऱ्हाडी_ठेचा, तुमचा प्रतिसाद काल रात्री आईला वाचून दाखवला. मी त्या कबरीसमोर वीस मिनिटं उभा होतो. डोक्यात शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंपलीकडे काही आलं नाही. उपनिषदं मराठी माणसासोबत बसून केली हे माहीत असतं तर तिथे काहीतरी म्हणालो असतो. निदान ईशावास्यमची पहिली ओळ. आई म्हणाली, "मला येते सगळी. तू गाडीत बस म्हणालास." (पाऊस होता. मी खरंच म्हणालो होतो.)

शंकासुर (सोमवार, दुपारी)

वऱ्हाडीभाऊ, सलाम. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

पण माझं नाव राखायला एक शंका. यीट्स गेला फ्रान्समध्ये, मग कबर आयर्लंडला कशी? आत तोच आहे ना?

कॉर्ककर (सोमवार, दुपारी)

दुखरी नस. जानेवारी १९३९मध्ये तो दक्षिण फ्रान्समध्ये वारला आणि त्याला तिथेच पुरलं. मला पुढे ड्रमक्लिफला न्या असं सांगून ठेवलं होतं, पण महायुद्ध आलं. १९४६मध्ये तिथली कबर उकरून हाडं सामायिक अस्थिगृहात टाकली गेली. १९४८ला आयरिश नौदलाच्या जहाजातून पेटी आली आणि थाटाने दफन झालं. आत नक्की कुणाची हाडं आहेत यावर तेव्हापासून कुजबुज आहे, आणि २०१५ला फ्रेंच कागदपत्रं बाहेर आल्यावर ती कुजबुज मोठी झाली. स्लायगोत हा विषय कुणी काढत नाही. कबर तिथे, डोंगर तिथे, बस येतात.

आज्जीचीछत्री (सोमवार, रात्री)

स्लायगोवर धागा आणि मुल्लामोर नाही? माउंटबॅटन तिथेच मारला गेला ना?

सरमिसळ (मंगळवार, सकाळी)

गेलो होतो, मुद्दाम लिहिलं नाही. कसं लिहावं कळेना. मुल्लामोर छोटंसं बंदर आहे, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. मागे उंचवट्यावर क्लासीबॉन हा एकटाच किल्लेवजा वाडा, पाठीशी बेन बुल्बिन. वाडा बांधायला घेतला लॉर्ड पामर्स्टनने, पुढे वारशाने तो माउंटबॅटनच्या बायकोकडे, एडविनाकडे आला, म्हणून माउंटबॅटन कुटुंब दर उन्हाळ्यात इथे यायचं. २७ ऑगस्ट १९७९ला सकाळी त्यांच्या मासेमारीच्या बोटीत आयआरएचा (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी आयरिश सशस्त्र संघटना) बॉम्ब फुटला. माउंटबॅटन ७९ वर्षांचे होते. त्यांचा चौदा वर्षांचा नातू गेला, बोटीवर काम करणारा पंधरा वर्षांचा स्थानिक मुलगा गेला, आणि जावयाची आई दुसऱ्या दिवशी गेली. नातवाचा जुळा भाऊ वाचला. २०१५ला आताचे राजे चार्ल्स, तेव्हा युवराज, तिथे येऊन गेले.

आपण माउंटबॅटन म्हणताना डोळ्यांसमोर फाळणी आणतो. तिथे बंदरात एक बाई जाळं विणत होती, तिने आम्ही भारतातले म्हटल्यावर फक्त एवढंच म्हटलं की तो पोरगा फार गोड होता. बोटीवरच्या मुलाबद्दल बोलत होती.

आज्जीचीछत्री (मंगळवार, सकाळी)

धन्यवाद. पामर्स्टनचं नाव आलं म्हणून सांगते. बटाट्याच्या दुष्काळात, १८४७ला, त्याने आपल्या स्लायगोतल्या जमिनीवरची सुमारे दोन हजार कुळं-माणसं जहाजात भरून कॅनडाला धाडली. कपडे अंगावर नाहीत, थंडी तोंडावर, अशा अवस्थेत उतरली म्हणून तिकडच्या लोकांनी संताप केला. हाच गृहस्थ पुढे ब्रिटनचा पंतप्रधान. १८४७ ते १८५१ एवढ्यात स्लायगो बंदरातून तीस हजारांवर लोक देश सोडून गेले. धक्क्यावर स्मारक आहे, एक कुटुंब एकमेकांना धरून उभं. तो वाडा फोटोत फार सुंदर येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खवचट_कोकणी (मंगळवार, दुपारी)

फार गंभीर झालं. संगीत नाही का काही?

सरमिसळ (मंगळवार, दुपारी)

आहे तर! स्लायगोचं फिडल (व्हायोलिनच ते) सगळ्या आयर्लंडात वेगळं ओळखतात. मायकेल कोलमन नावाचा वादक इथल्या खेड्यातला, १९१४ला अमेरिकेला गेला, १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. त्या तबकड्या परत आयर्लंडला आल्या आणि देशभरचे वादक त्या ऐकून स्लायगोच्या वळणाने वाजवायला लागले. परदेशी गेलेल्याने घरच्यांना घरचंच शिकवलं.

आम्ही एका पबात गेलो. आई पबात! तिने चहा मागितला, त्यांनी किटलीभर दिला. वादक स्टेजवर नसतात, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. एकाने धून काढली की बाकीचे त्यात शिरतात. मध्येच एक शाळकरी मुलगी बासरी घेऊन आली, तिला सरकून जागा दिली. आई म्हणाली, "ही तर आपली भजनाची बारी." टाळ कुठे मिळाले असते तर तीही बसली असती.

भटकभवानी (बुधवार, सकाळी)

तिकिटं काढली!! सप्टेंबर, सहा रात्री, सगळ्या स्लायगोत. स्ट्रीडाचा किनारा पण घेतलाय, तिथे स्पॅनिश आरमाराची तीन जहाजं १५८८च्या सप्टेंबरात फुटली आणि हजारावर माणसं बुडाली असं वाचलं. २०१५ला तिथून ब्राँझच्या तोफा काढल्या म्हणे. लिसाडेल हाउस पण. कॉन्स्टन्स मार्केविच तिथे वाढली, १९१८ला ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली बाई, तेव्हा तुरुंगात होती आणि सुटल्यावरही शपथ घ्यायला गेली नाही. माझी मैत्रीण फक्त तिच्यासाठी येतेय.

दोन शेवटचे प्रश्न. चिवडा, चकली, पेढे न्यायला चालतात का? आणि वऱ्हाडीदादा, कबरीपाशी काय म्हणू?

कॉर्ककर (बुधवार, दुपारी)

चिवडा-चकली बिनधास्त. पेढे, बर्फी, तूप नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. लिसाडेल खाजगी घर आहे, उघडण्याचे दिवस बघून जा. रेनकोट घ्या, छत्री नको, वाऱ्यात उलटी होते.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, रात्री)

काही म्हणू नको ताई. नुसतं सांग की बडनेऱ्याहून निरोप आहे. अन् शंकासुर म्हणतात तसं आत दुसराच कोणी असला, तर त्यालेही सांग.

सरमिसळ (गुरुवार, सकाळी)

@भटकभवानी, आईचा निरोप: टोबरनॉल्टला विहिरीच्या डाव्या अंगाच्या झाडाला पांढरी, निळ्या काठाची सुती पट्टी आहे का बघ. असली तर सोडू नकोस. गळून पडली असेल तर फोन कर.